लाटांची वीज: रील बघून झाली असेल तर थोडा हिशेब करू

गेल्या काही दिवसांत एकच व्हिडिओ मला निदान पंधरा जणांनी पाठवलाय. धक्क्याच्या भिंतीला लावलेले निळे-पांढरे तरंगते डबे, लाट आली की वर जातात, गेली की खाली येतात, मागे जोशपूर्ण संगीत आणि खाली ओळ: "कोकणाला ७२० किलोमीटरचा किनारा असून आपण वीज विकत का घेतो?" पत्रकार म्हणून माझं मत काय, असं विचारलंय. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक घोळ निस्तरू. लाटेची वीज आणि भरती-ओहोटीची वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठवणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी दोन्ही एकच धरल्या आहेत. भरतीचं पाणी चंद्रसूर्याच्या ओढीने येतं, त्याचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं. खाडीच्या तोंडावर बांध घालायचा, पाणी आत घ्यायचं, सोडताना टर्बाइन फिरवायचं. फ्रान्सात ला रान्स इथे १९६६ पासून २४० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे, दक्षिण कोरियात सिहवा इथे २०११ पासून २५४ मेगावॅटचा. पण त्यासाठी भरती-ओहोटीत मोठा फरक लागतो. खंभातच्या आखातात तो आठ-दहा मीटरपर्यंत जातो, आपल्या रत्नागिरीला मोठ्या उधाणालाही तीन मीटरच्या आसपास. म्हणजे तो विषय आपल्यापुरता जवळपास संपला. शिवाय गुजरातने कच्छच्या आखातात ५० मेगावॅटचा भरती प्रकल्प २०११ मध्ये जाहीर केला होता, तो झाला नाही. सुंदरबनात दुर्गादुआनीचा पावणेचार मेगावॅटचा प्रकल्पही खर्चापायी बारगळला.

लाट म्हणजे वाऱ्याची कमाई. दूर अरबी समुद्रात वारा पाण्यावर घासतो, त्याची शक्ती पाण्यात साठते आणि शेकडो किलोमीटर प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर येऊन फुटते. ही शक्ती खरी आहे, भरपूर आहे, फुकट आहे. हे मान्य करूनच पुढचं लिहितोय. केंद्राच्या आकड्यांत देशाच्या किनाऱ्यावर लाटांची क्षमता ४० हजार मेगावॅटच्या घरात सांगितली जाते. ही सैद्धांतिक क्षमता आहे. "सैद्धांतिक" या शब्दाचा अर्थ साध्या मराठीत असा, की कोकणात पडणारा सगळा पाऊस जर टाकीत साठवला तर एप्रिलमध्ये टँकर लागणार नाही. हिशेब बरोबर आहे. टाकी कुठाय?

आता रीलच्या खालच्या कमेंटींत एकाने लिहिलंय की हे तंत्रज्ञान परदेशात आलं, भारतात कुणी विचारच केला नाही. चूक. आयआयटी मद्रासमध्ये १९८३ पासून या विषयावर काम सुरू झालं आणि १९९१ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजमला १५० किलोवॅटचं लाटऊर्जा संयंत्र उभं राहिलं. जगातल्या सुरुवातीच्या अशा संयंत्रांपैकी ते एक. मासेमारी बंदराच्या लाटारोधक बांधाजवळ काँक्रीटची एक अजस्र पेटी समुद्रात बसवली. पेटीला खालून तोंड उघडं. लाट आली की आतलं पाणी वर चढतं आणि वरची हवा जोरात बाहेर ढकलली जाते, लाट ओसरली की हवा आत ओढली जाते. सायकलचा पंप डोळ्यासमोर आणा, दट्ट्याच्या जागी समुद्राचं पाणी. या ये-जा करणाऱ्या हवेवर वेल्स टर्बाइन फिरतं. त्याची गंमत अशी, की हवा कुठूनही आली तरी ते एकाच दिशेने फिरतं. बेलफास्टच्या प्रा. अ‍ॅलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात शोधलेली ही युक्ती, दिसायला साधी, पण डोकं चालवल्याशिवाय सुचणारी नव्हे.

विळिंजमने वीज केली, ती ग्रिडला दिली. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने त्याच विजेवर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रयोगही केला. म्हणजे अपयश म्हणून हसण्यासारखं काही नव्हतं. पण १५० किलोवॅट ही पाटीवरची क्षमता, प्रत्यक्षात हाती येणारी वीज लाटेच्या लहरीवर. २०११ च्या सुमारास ते संयंत्र मोडीत निघालं. आज विळिंजम म्हटलं की लोकांना महाकाय कंटेनर बंदर आठवतं, लाटेची वीज कुणाला आठवत नाही. आणि म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत पेट्रोलियमने इको वेव्ह पॉवर या इस्रायली कंपनीशी मुंबईत १०० किलोवॅटच्या प्रात्यक्षिकाचा करार केला तेव्हा "देशातला पहिला लाटऊर्जा प्रकल्प" असे मथळे आले. आमच्याच व्यवसायबंधूंनी दिलेले. चौतीस वर्षांपूर्वीचं आपलंच काम आपण गुगलही करून बघत नाही.

फार लांब कशाला जा. आपल्या महाऊर्जाच्या माहितीतही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लाटांपासून अंदाजे ५०० मेगावॅट वीज मिळू शकेल असं दिलेलं आहे. जागाही दिल्या आहेत: वेंगुर्ला रॉक, मालवण रॉक, रेडी, पावस, रत्नागिरी, गिर्ये, मिऱ्या. सगळी आपली गावं. आणि गुहागर तालुक्यात बोऱ्या आणि बुधल इथे छोटे प्रात्यक्षिक प्रकल्प करायचं सरकारच्या कागदावर आलं होतं. आज त्या तालुक्यातल्या कॉलेजच्या पोरांना विचारा, बोऱ्या-बुधलला लाटेची वीज होणार होती हे कितीजणांना माहीत आहे. विजेच्या नावाने त्या तालुक्यात लक्षात राहिलंय ते एकच नाव, एन्रॉन.

बरं, मग अडतं कुठे? मला जे समजलंय ते सांगतो. मी इंजिनिअर नाही, पण पंचवीस वर्षं किनाऱ्यावरची वादळं, तुटलेले बंधारे आणि बुडालेल्या होड्या कव्हर केल्यात, त्यामुळे या विषयातली अडचण मला पुस्तकापेक्षा आधी डोळ्यांनी कळली.

एक साधं सूत्र आहे. लाटेच्या उंचीचा वर्ग करा, दोन लाटांमधल्या सेकंदांनी गुणा, आणि निम्मं करा. जे उत्तर येईल तितके किलोवॅट त्या लाटेच्या एक मीटर रुंदीत आहेत असं ढोबळमानाने समजायचं. डिसेंबरात समुद्र शांत असतो, लाट एक मीटरची, सहा सेकंदांनी येणारी. म्हणजे ३ किलोवॅट. जुलैत लाट तीन मीटरची, नऊ सेकंदांची. म्हणजे ४० किलोवॅट. आणि एखाद्या वादळात सहा मीटरची, अकरा सेकंदांची लाट आली तर जवळपास २००. बघा, उंची सहापट झाली, शक्ती सहासष्ट पट झाली. वर्गाचा खेळ आहे हा.

आता तुम्ही यंत्र बनवणार आहात. कुठल्या लाटेसाठी बनवाल? डिसेंबरच्या ३ किलोवॅटसाठी बनवलं तर जुलैत त्याचा चुराडा. २०० सोसेल असं बनवलं तर पोलाद आणि काँक्रीटचा खर्च त्या वादळाच्या हिशेबाने आणि कमाई मात्र डिसेंबरच्या हिशेबाने. वर्षातून दोन दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी दहा खोल्यांचं घर बांधायचं आणि उरलेले ३६३ दिवस त्याचं कर्ज फेडायचं. लाटऊर्जेचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे असं मला वाटतं, बाकीची दुखणी त्याची पिल्लं.

ज्यांना पटत नसेल त्यांनी मिऱ्याला जाऊन यावं. तिथल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची दुरुस्ती किती वेळा झाली, किती वेळा बातमी लिहिली, मीच मोजायचं सोडलं. तिथे यंत्र नव्हतं, नुसते दगड होते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज नांगर तुटून त्याच बंधाऱ्याला येऊन लागलं. समुद्रात चालण्यासाठीच बांधलेलं पोलादी जहाज. पुढे कित्येक पावसाळे ते तिथेच पडून होतं आणि लाटांनी त्याचं काय केलं ते सेल्फी काढायला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. आता त्याच जागी सांधे, बिजागऱ्या, नळ्या, तारा असलेलं यंत्र वीस-पंचवीस वर्षं न थकता हलत राहायला हवं. दहा सेकंदांना एक लाट म्हटलं तर वर्षाला तीस लाखांवर धक्के. आपल्या स्कूटरचा शॉकअ‍ॅब किती खड्ड्यांत जातो?

परदेशातही हेच झालं. १९७३ च्या तेलसंकटानंतर एडिंबराच्या प्रा. स्टीफन सॉल्टर यांनी "डक" नावाचं यंत्र सुचवलं आणि जगभर आशा पल्लवित झाल्या. १९९५ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला "ऑस्प्रे" नावाचं दोन मेगावॅटचं यंत्र समुद्रात बसवतानाच लाटांनी फोडलं, काही दिवसांत ते बुडालं. ऑस्ट्रेलियात पोर्ट केंब्ला इथे २०१० मध्ये एक यंत्र दोर तुटून बांधावर आदळलं. आणि सगळ्यात गाजलेलं "पेलामिस", लाल रंगाचा शंभर मीटरहून लांब पोलादी सापच म्हणा, पोर्तुगालच्या किनाऱ्यावर अशी तीन यंत्रं सप्टेंबर २००८ मध्ये वाजतगाजत सुरू झाली. प्रत्येकी ७५० किलोवॅट, एकूण सव्वादोन मेगावॅट. जगातलं पहिलं लाटांचं वीजशेत म्हणून कौतुक झालं. दोनेक महिन्यांत ती बंदरात ओढून आणावी लागली. थोडा दोष यंत्रात, थोडा त्याच वर्षीच्या जागतिक मंदीत, पैसे लावणारी कंपनीच गाळात गेली. पेलामिस बनवणारी कंपनी २०१४ मध्ये बुडाली. म्हणजे यांत्रिक कौशल्यात जगाने ज्यांचं नाव घ्यावं अशा लोकांनी, वर्षाची सरासरी आपल्या कितीतरी पट असलेल्या समुद्रात, सरकारी पाठबळ घेऊन केलेले हे प्रयत्न आहेत.

काहीच टिकलं नाही असंही नाही. स्पेनमध्ये मुत्रिकू या छोट्या बंदरात बांधाच्या भिंतीतच सोळा कप्पे ठेवून विळिंजमसारखी हवेची टर्बाइनं बसवली, २०११ पासून ती चालू आहेत. एकूण क्षमता २९६ किलोवॅट. तिथे हाती काय येतं? वर्षाकाठी क्षमतेच्या दहा टक्क्यांच्या आसपास. पण टिकलं, आणि का टिकलं ते बघण्यासारखं आहे. बांध तसाही बांधायचाच होता, त्याचा खर्च विजेच्या डोक्यावर आला नाही. आणि यंत्र दुरुस्त करायला माणूस चालत जाऊ शकतो.

हा दुरुस्तीचा मुद्दा आपल्याकडे तर फारच जालीम आहे. आपल्या समुद्रात लाट कधी असते? जून ते सप्टेंबर. त्याच काळात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. कायद्याने बंद असते हे झालंच, पण कायदा नसता तरी कुठला शहाणा तांडेल जुलैत होडी लोटतो? नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय आपल्याकडे दर्यात जायची रीत नाही, ती काही उगाच पडलेली नाही. म्हणजे यंत्र ज्या चार महिन्यांत कमावणार, त्याच चार महिन्यांत ते बिघडलं तर त्याच्यापर्यंत पोचता येणार नाही. दुरुस्त होईल ऑक्टोबरात. तेव्हा लाट गेलेली. स्कॉटलंडच्या लोकांना हिवाळ्यात हीच अडचण येते, पण त्यांचा उन्हाळाही आपल्या डिसेंबरासारखा अगदीच थंड नसतो. आपल्याकडे चार महिने पूर आणि आठ महिने दुष्काळ, पाण्याचं जे आहे तेच लाटेचं.

खारं पाणी, गंज, यंत्राला बसणारे शिंपल्यासारखे जीव, शेवाळ, यावर वेगळं लिहीत नाही. ज्याच्या घराचं ग्रील किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे त्याला हे सांगायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. पवनऊर्जेचं बघा. १९८० च्या दशकात देशातल्या सुरुवातीच्या पवनऊर्जा प्रात्यक्षिकांत आपलं देवगड होतं. तेव्हाही लोक हसले असतीलच. पण जगभर वाऱ्याची यंत्रं हळूहळू एकाच आकाराला येऊन थांबली: उंच खांब, तीन पाती. एकदा आकार ठरला की कारखाने उभे राहतात, सुटे भाग स्वस्त होतात, दुरुस्ती करणारी पोरं तयार होतात. लाटेच्या बाबतीत तो आकारच ठरलेला नाही. कुणाचा साप, कुणाचा डबा, कुणाची पेटी, कुणाचं दार, कुणाचा तरंगता भोपळा. पॅरिसच्या गिरार्ड पितापुत्रांनी १७९९ मध्ये पहिलं पेटंट घेतलं, तेव्हापासून हजारावर पेटंटं झाली असतील. सव्वादोनशे वर्षांनीही प्रत्येक कंपनी पहिल्या पानापासून सुरुवात करते आणि बुडाली की तिच्याबरोबर तिची वहीही बुडते.

आता रीलमधल्या डब्यांकडे येऊ. ही कल्पना मला खरंच बरी वाटते. महागडी यंत्रसामग्री जमिनीवर, समुद्रात फक्त तरंगते डबे, तेही आधीच असलेल्या धक्क्याला किंवा बांधाला लावलेले. वादळ आलं की डबे वर उचलून घ्यायचे. समुद्राशी कुस्ती खेळायची नाही, मोठी लाट आली की बाजूला व्हायचं. इस्रायलमध्ये जाफा बंदरात याच कंपनीचं १०० किलोवॅटचं संयंत्र आहे, ते ग्रिडला जोडलेलं आहे. मुंबईतला प्रयोग व्हावा, जरूर व्हावा. पण यात एक गाठ आहे जी कुठल्याही जाहिरातीत सुटत नाही. आपण बंदर कशासाठी बांधतो? लाट आत येऊ नये म्हणून. मग बंदराच्या आत डबे लावले तर लाट नाही, बाहेर लावले तर पुन्हा जुलैचा समुद्र. आणि वादळात डबे वर घेतले की सूत्रातले ते २०० किलोवॅट आपण स्वतःहून सोडून दिले. ठीक आहे, सोडावेत. पण मग ४० हजार मेगावॅटच्या गप्पाही सोडाव्यात.

१०० किलोवॅट म्हणजे किती, हे आपल्या भाषेत मांडतो. उदार होऊन धरू की वर्षभराची सरासरी क्षमतेच्या पंचवीस टक्के पडली. मुत्रिकूच्या अडीचपट. तरी वर्षाला २ लाख १९ हजार युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणारी साधारण १८० घरं. एक वाडी म्हणा. आता दुसरा हिशेब. छपरावरच्या तीन किलोवॅटच्या सौर संचाला केंद्राचं ७८ हजार रुपये अनुदान आहे, तो संच वर्षाला चार हजार युनिटच्या आसपास देतो. म्हणजे पन्नास-पंचावन्न छपरं झाली की तेवढीच वीज. समुद्रात न उतरता, मासेमारीची जागा न अडवता, बिघडलं तर शिडी लावून दुरुस्त. मोठ्या सौर प्रकल्पांच्या निविदा गेल्या काही वर्षांत युनिटला अडीच रुपयांच्या आसपास जात आहेत. या दराशी लाटेने स्पर्धा करायची आहे.

लाटेच्या बाजूने एक जोरदार मुद्दा मांडला जातो, तोही सांगायला हवा. सौर पॅनेल पावसाळ्यात आळसावतात, कोकणात तर जुलैत सूर्य दिसला की बातमी. नेमक्या तेव्हा लाट जोरात. म्हणजे दोघं एकमेकांना पूरक. ऐकायला छान आहे. पण महाराष्ट्राला विजेची सगळ्यात जास्त ओढ लागते ती मार्च ते मेमध्ये. पावसाळ्यात शेतीपंप थंडावतात, धरणं भरतात, आणि वाराही तेव्हाच जोरात असतो, म्हणजे पवनचक्क्याही तेव्हाच कमावतात. पावसाळ्याच्या रांगेत आधीच दोन स्वस्त पाहुणे उभे असताना तिसरा महाग पाहुणा कोण बोलावणार? महावितरणचा खरेदी अधिकारी तरी बोलावणार नाही.

मग लाटेची वीज टाकाऊ आहे का? मला तसं वाटत नाही. जिथे तार पोचत नाही तिथे तिचा भाव वेगळा होतो. जपानच्या योशिओ मासुदा यांनी १९६० च्या दशकातच लाटेवर चालणारे दिव्याचे बोये केले, जहाजांना वाट दाखवणारे. त्यांना फार वीज लागत नाही, पण तिथे तार टाकायची तर खर्च अफाट. आपल्या चेन्नईच्या संस्थेनेही असा बोया केला आहे. आयआयटी मद्रासच्या प्रा. अब्दुस समद यांच्या गटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तुतिकोरीनपासून सहा किलोमीटर समुद्रात "सिंधुजा" नावाचं यंत्र चालवून दाखवलं. किती वीज? १०० वॅट. दोन जुने बल्ब. यावर हसणाऱ्यांचे मेसेज मी वाचलेत, मला ते आवडले नाहीत. त्यांनी शंभर वॅट झाले म्हणून शंभर वॅटच सांगितले. समुद्रावर मोजमाप करणारी उपकरणं, दीपस्तंभ, बेटांवरची छोटी गरज, पाणी गोडं करणं, तिथून सुरुवात करायची हा शहाणपणाचा रस्ता आहे. अशा कामाला सरकारने पैसा द्यावा, तोही न कुरकुरता, कारण संशोधनात दहातली आठ यंत्रं बुडणारच.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. कोकणाला विजेची स्वप्नं दाखवण्याचा धंदा फार जुना आहे. १९९२ मध्ये एन्रॉनशी करार झाला, महाराष्ट्र उजळून निघणार होता. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तेव्हा युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेलेला होता. मग जैतापूर, ९,९०० मेगावॅट. जमिनी गेल्या, आंदोलनं झाली, गोळीबार झाला, वीज अजून यायची आहे. जयगडला कोळशाचे १,२०० मेगावॅट मात्र झाले. म्हणजे मेगावॅटची या जिल्ह्याला कमी नाही. आणि तरीही पहिल्या वळवाच्या सरीला माझ्या गावातली लाइट जाते ती दुसऱ्या दिवशी दुपारी येते. निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीत काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती. पुढच्याच वर्षी तौक्ते आलं, पुन्हा तेच. तेव्हा महाराष्ट्रात वीज कमी नव्हती. खांब आडवे होते, तारांवर आंबे-फणस पडले होते, आणि दोन तालुक्यांना पुरे पडतील इतके वायरमन नव्हते.

कोकणाचं विजेचं दुखणं हे तारेचं आणि खांबाचं आहे. खाऱ्या हवेने सडणाऱ्या क्लॅम्पचं आहे, झाडं न छाटण्याचं आहे, रिकाम्या पदांचं आहे. भूमिगत वाहिन्यांची कामं काही शहरांत झाली, ती वाड्यांपर्यंत कधी येणार ते विचारा. लाटेतून वीज निघाली तरी ती घरी येणार त्याच गंजलेल्या तारेवरून.

आणि ज्यांच्या समुद्रात हे व्हायचंय त्यांचं काय? लाटेचं यंत्र ठेवलं की त्याच्याभोवती जहाजांना, होड्यांना मनाई येते. दोर आणि नांगर तळावर पसरतात, जाळी अडकतात. एक-दोन यंत्रांनी काही बिघडत नाही. पण ५०० मेगावॅट म्हटलं तर किनाऱ्याला समांतर मैलोन्‌मैल रांग लागेल, तीही नेमकी त्या खोलीत जिथे आपला छोटा मच्छीमार जातो. आधीच पर्ससीन आणि एलईडीवाल्यांनी त्याला बाजूला सारलंय. रापणकाराला तर कुणी विचारतच नाही. प्रकल्पाच्या कागदावर समुद्र नेहमी रिकामा निळा दाखवतात. तो रिकामा नाही, त्यावर नावं-गावं लिहिलेली आहेत, फक्त सात-बारा नाही.

तेव्हा उद्या कुणी पुढारी तुमच्या बंदरावर येऊन लाटेच्या विजेचा नारळ फोडायला लागला, तर हार घाला, चहा पाजा, आणि चार कागद मागा. इथल्या लाटेचं किमान एक वर्षाचं, पावसाळ्यासकट मोजमाप कुठे आहे? पाटीवरची क्षमता नको, वर्षाला किती युनिट येणार ते लिहून द्या. जुलैत बिघडलं तर कोण जाणार आणि कशाने जाणार? आणि कंपनी बुडाली, तर समुद्रातलं भंगार कोण काढणार, त्यासाठीची ठेव आजच बँकेत ठेवली आहे का? बसरा स्टार निघायला किती वर्षं लागली हे लक्षात ठेवून हा चौथा प्रश्न जरा मोठ्याने विचारा.

एक काम तुमच्याकडूनही हवंय. बोऱ्या आणि बुधलच्या त्या प्रकल्पाचं नक्की काय झालं यावर मला सविस्तर लिहायचंय. त्या भागातल्या कुणाकडे तेव्हाची कात्रणं, ग्रामपंचायतीचे ठराव, फोटो असतील, किंवा घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांना काही आठवत असेल, तर मला मेसेज करा. मी गुहागरला येऊन बसायला तयार आहे, फक्त बांधावरचा रस्ता पावसाने जायच्या आधी बोलवा.